टेन्शन वाढलंय, पण सुरुवात कुठून करायची? नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

‘टेन्शन घेऊ नको’ असं सांगायला कुणालाच काही लागत नाही. ऐकणाऱ्याला मात्र त्याचं करायचं काय, ते कळत नाही. धडधड होते, रात्री तीनला जाग येते, पोरांवर विनाकारण ओरडणं होतं, ऑफिसात साधा मेल उघडायलाही हात धजत नाही. अशा वेळी डॉक्टरकडे जायचं, रजा टाकून गावी जायचं, योगाचा क्लास लावायचा की गप्प सहन करायचं, यातलं पहिलं काय ते कोणी सांगत नाही. मी अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. घरी शुगर असलेल्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि फ्लॅटचा हप्ता. या सगळ्यातून जाताना जे हाती लागलं ते क्रमाने खाली मांडलंय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं इथे मिळणार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की ताण अख्खा उचलायला गेलात तर तो हलत नाही. त्याचे वाटे घालावे लागतात. एक वाटा शरीराचा असतो, एक खऱ्याखुऱ्या कामांचा आणि कागदपत्रांचा, एक नुसत्या घोळणाऱ्या विचारांचा. प्रत्येकाचा इलाज वेगळा. प्राणायामाने हप्ता फिटत नाही, आणि हप्ता फिटला म्हणून थायरॉइड ताळ्यावर येत नाही.

आधी हे वाचा, मग बाकीचं

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, श्वास अपुरा पडणं, यातलं काही होत असेल तर ‘टेन्शनमुळे होतंय’ असं घरच्या घरी ठरवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढा. ईसीजी चांगला आला तर उत्तमच, डॉक्टर हसणार नाहीत.

जीव नकोसा वाटतोय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, असं असेल तर खालच्या पायऱ्या नंतर वाचा. आत्ता घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२.

हाताशी काय ठेवायचं

- खिशात मावेल अशी छोटी डायरी आणि पेन. मोबाइलमधलं नोट्स ॲप चालेल, पण ते उघडताना व्हॉट्सॲपही उघडतं, म्हणून मी कागदाच्या बाजूने आहे.
- मागच्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट, असतील तर ईसीजी.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. पत्ते सोबत घेतले तर अजून चांगलं.
- आधार कार्ड. कंपनीत ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर त्याचं ई-पहचान कार्ड. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीचा कागद.
- कर्जाचा ताण असेल तर लोनचं स्टेटमेंट आणि बँकेकडून आलेले मेसेज. ते डिलीट करून टाकण्याची फार इच्छा होते, करू नका.

१. पहिल्यांदा शरीर तपासून घ्या

समुपदेशकाच्या आधी फॅमिली डॉक्टर. कारण साधं आहे: ताणासारखी दिसणारी अर्धी लक्षणं दुसऱ्या कशाचीही असू शकतात. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड होते, हात कापतात, घाम येतो, वजन उतरतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढताना दम लागतो आणि छाती धडधडते. बी-१२ कमी असेल तर थकवा, मुंग्या, चिडचिड. आपल्याकडे शाकाहारी घरांत हे बरंच सापडतं. शुगर एकदम उतरली की घाबरल्यासारखंच होतं. दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड वाढते, म्हणून गोळ्यांची यादी सोबत न्यायची.

डॉक्टरांना विचारून साधारण एवढंच होतं: बीपी, हिमोग्लोबिनसकट रक्ताची तपासणी, थायरॉइडसाठी टीएसएच, शुगर, बी-१२, आणि वय किंवा लक्षणं पाहून ईसीजी.

सापळा इथेच लागतो. ‘फुल बॉडी चेकअप, ऐंशी तपासण्या, आज बुक केलं तर अर्ध्या किमतीत’ असा फोन येतो. ऐंशी तपासण्यांत एखादी तरी जरा इकडेतिकडे निघतेच, आणि मग त्या एका आकड्याचं नवं टेन्शन सुरू होतं. माझ्या बाबतीत एका लॅबच्या पॅकेजमध्ये एक आकडा लाल रंगात छापून आला. ‘याने काही होत नाही’ एवढं डॉक्टरांकडून ऐकेपर्यंत आठवडा गेला. डॉक्टर सांगतील तेवढंच करा.

२. आत काय चाललंय ते थोडक्यात

हे कळलं की भीती बरीच कमी होते, म्हणून इथे लिहिते. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींना निरोप पाठवतो. त्यातून आधी ॲड्रेनालिन सुटतं: हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, पोटाचं काम मागे पडतं, स्नायू आवळतात. मागोमाग कॉर्टिसॉल येतं, ते रक्तात साखर वाढवून शरीराला तयारीत ठेवतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे ‘लढा किंवा पळा’ प्रकरण मांडलं होतं. पुढे १९३६ मध्ये हान्स सेली यांनी उंदरांवर काम करताना पाहिलं की त्रास कुठल्याही प्रकारचा असो, शरीर त्याच ठरावीक पद्धतीने उत्तर देतं. आधी खडबडून जागं होतं, मग तग धरतं, आणि फार दिवस चाललं की थकून बसतं.

म्हणजे द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाच्या अंगात जे घडतं ते बिबट्या समोर आल्यावर घडतं तेच. फरक एवढाच की बिबट्या निघून जातो, द्वारका उद्या सकाळी पुन्हा आहेच.

आणि ताण मुळातून वाईटही नसतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी थोडी भीती नसेल तर पोरगं पुस्तक उघडेल का? अंगावर येऊन उतरत असेल तोवर ठीक, उतरायचंच बंद झालं की प्रश्न.

३. एक आठवडा नुसतं टिपा

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. फक्त लिहायचं. दिवस, वेळ, कुठे होतात, अंगात काय झालं, आणि त्या क्षणी डोक्यात कोणतं वाक्य होतं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच गाळला जातो. माझ्या डायरीतल्या काही ओळी आहेत तशा देते:

*मंगळ, स. ९.१०. मुंबई नाका. जबडा आवळलेला. ‘आज पण लेट, साहेब सगळ्यांसमोर बोलणार.’*

*मंगळ, दु. ३.३०. गाडी लोड, इनव्हॉइस नाही. पोटात गोळा. ‘अकाउंटवाले मुद्दाम करतात.’ (तिसरा चहा.)*

*बुध, रा. ११.४०. पलंगावर. धडधड. ‘दहावीला टक्के कमी पडले तर डोनेशन कुठून?’*

*शुक्र, सं. ७. आईंची शुगर २६०. खांदे दुखतात. ‘मला एकटीलाच सगळं दिसतं.’*

आठवड्याने वाचलं तेव्हा तीन गोष्टी उघड्या पडल्या. दुपारच्या प्रत्येक नोंदीपाशी चहा होता. रात्रीची एकही नोंद त्या दिवशी घडलेल्या गोष्टीची नव्हती, सगळ्या ‘झालं तर’च्या होत्या. आणि ‘एकटीलाच’ हा शब्द चार ठिकाणी होता. यातलं काहीच मला डायरी लिहिण्याआधी सांगता आलं नसतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ‘कामाचा लोड आहे हो.’

शिफ्टला जाणाऱ्यांनी वेळेसोबत शिफ्टही लिहा. सातपूर-अंबडला फिरती शिफ्ट करणाऱ्या बऱ्याच जणांची चिडचिड नाइटच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. तो ताण कमी आणि झोपमोड जास्त असते.

याच आठवड्यात जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी भरून ठेवा. इंटरनेटवर फुकट मिळते, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा काळजी थांबवता आली नाही, किती वेळा अस्वस्थ वाटलं, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर पायरी ४ ते ७ करत बसण्याआधी सरळ ८ वर जा. हे निदान नव्हे. डॉक्टरांशी बोलायला एक आकडा हाती असतो, एवढंच.

४. वाटे घाला

डायरीतली प्रत्येक नोंद तीनपैकी एका खाली टाका.

*काम:* ज्याला एखादा फोन, अर्ज, भेट किंवा पैसे लागतात. इनव्हॉइस वेळेवर न येणं, हप्ता, सासूबाईंची तपासणी.

*अंग:* झोप, चहा, भूक, पाळी, पाठदुखी, आवाज, ट्रॅफिक.

*घोळ:* जे अजून घडलेलं नाही किंवा घडून गेलंय आणि आता हातात नाही. दहावीचे टक्के. साहेबांचा परवाचा टोमणा. निफाडला माझ्या दिरांची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की त्यांचं सगळं घर ‘घोळ’मध्ये जातं. आभाळ कुणाच्या हातात नाही, पण औषध फवारणी आणि पीक विम्याची तक्रार वेळेत करणं हातात आहे, ते ‘काम’मध्ये जातं. एकाच गोष्टीचे असे दोन तुकडे होतात, आणि ते करणं हीच या पायरीची खरी मेहनत.

घाई करू नका. एखादी नोंद कुठे टाकायची यावर नवरा-बायकोचं भांडणही होऊ शकतं. आमचं झालं. ‘आईंची शुगर’ माझ्या मते काम, त्याच्या मते घोळ. शेवटी ती कामातच गेली आणि दर महिन्याला लॅबमध्ये नेणं त्याच्याकडे गेलं.

५. कामाचा वाटा: एका वेळी एकच कागद

कामाच्या यादीतलं सगळ्यात लहान काम आधी संपवा, सगळ्यात मोठं नाही. लोक मोठ्याला हात घालतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. ऑफिसातलं काम असेल तर तोंडी कुरकुर करण्यापेक्षा एक ओळ मेलवर टाका: ‘गाडी लागण्याआधी एक तास इनव्हॉइस मिळालं तर डिले होणार नाही.’ माझ्या अर्ध्या दुपारी त्या एका ओळीने वाचल्या. उरलेल्या अर्ध्या अजून तशाच आहेत.

कर्जाचा ताण मात्र वेगळा लिहायला हवा, कारण तिथे लोक नियम माहीत नसल्यामुळे जास्त घाबरतात.

हप्ता थकणार असं दिसलं तर थकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का, ते लेखी विचारा. वसुलीवाल्यांनी थकबाकीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमकी देऊ नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे. असे फोन आले तर तारीख-वेळ डायरीत टिपा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. झटपट लोन देणाऱ्या ॲपच्या बाबतीत तर नवीन ॲपवरून कर्ज काढून जुनं फेडणं ताबडतोब थांबवा. तो खड्डा खोल होत जातो.

वाटणी, घटस्फोट, पोटगी, भाडेकरू अशा कोर्टकचेरीच्या ताणासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो, हे बऱ्याच बायकांना ठाऊकच नसतं. फोन १५१००.

६. अंगाचा वाटा: उतरवायची सवय

*श्वास.* चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचा वेग खाली येतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. सिग्नलला करता येतो, मीटिंगआधी बाथरूममध्ये करता येतो. एकदम धडधड वाढून आता मरतो की काय असं झालं, आणि डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं आधीच सांगितलं असेल, तर हेच करा. असा झटका सहसा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. फार जोरजोरात खोल श्वास मात्र घेऊ नका, त्याने चक्कर आणि हातापायाला मुंग्या वाढतात.

*चालणं.* आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. नाशिकला जागेची ददात नाही. गोल्फ क्लबचा ट्रॅक, इंदिरानगरचा ट्रॅक, गोदापार्क. रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या. एकच अट: चालताना फोनवर ऑफिसचं बोलायचं नाही. आणि चालून झाल्यावर मिसळ-जिलेबी खाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, मीही रविवारी त्यात असते.

*चहा.* कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही रक्तात असतो. संध्याकाळी सहाचा कटिंग रात्री अकराला अर्धा जागाच असतो. मी दुपारी तीननंतरचा चहा बंद केला, पहिले काही दिवस डोकं दुखलं, मग थांबलं. एकदम तोडण्यापेक्षा एकेक कप कमी केला तर डोकेदुखीही टळते.

*झोप.* उठायची वेळ एकच ठेवा, झोपायची जमेल तशी. वीस मिनिटांत झोप आली नाही तर पलंगावर तळमळू नका, उठून बाहेरच्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. मी मेथी निवडते. नाइट शिफ्टवाल्यांनी सकाळी घरी येताना गॉगल घालावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि दाराची बेल बंद करून ठेवावी. घरच्यांना सांगून ठेवा की सकाळी अकरा म्हणजे तुमची मध्यरात्र आहे.

*ट्रॅफिक.* २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते खोदलेले राहणारच. अर्धा तास लवकर निघणं किंवा काही दिवस सिटीलिंक बसने जाणं, एवढंच हातात आहे. हॉर्नने कोणी पुढे सरकत नाही, नाशिककर तरीही वाजवतात.

दारूबद्दल एकच वाक्य: तिने झोप लागते, पण पहाटे मोडते, आणि दुसऱ्या दिवशी घबराट वाढलेली असते.

७. घोळाचा वाटा: काळजीला वेळ ठरवून द्या

ऐकायला वेडेपणा वाटेल. रोज संध्याकाळी एक ठरलेली वेळ, पंधरा-वीस मिनिटं, एकच खुर्ची, पलंग नको. दिवसभरात ‘झालं तर’ आलं की डायरीत दोन शब्द लिहायचे आणि मनाला सांगायचं, सात वाजता बघू. सातला बसून यादी वाचायची आणि मनसोक्त काळजी करायची. निम्म्या गोष्टी तोवर शिळ्या झालेल्या असतात. ज्या उरतात त्यांच्यापुढे एकच प्रश्न: उद्या यासाठी करता येण्यासारखं काही आहे का? असेल तर ते काम झालं, पायरी ५ वर न्या. नसेल तर रेघ मारा.

पहिल्या आठवड्यात जमत नाही. विचार सातची वाट बघत नाहीत. तरी चालू ठेवा.

मुलांच्या परीक्षेबाबत घोळ सगळं घर मिळून करतं. शेजारच्या काकूंनी ‘कोणता क्लास लावला?’ विचारलं की आपल्या पोटात कालवतं आणि ते पोराला जेवताना कळतं. आम्ही जेवणाच्या ताटावर दहावी हा शब्द बंद केला. सासूबाई अजूनही मोडतात.

घरात सांगायचं कसं हाही प्रश्न असतो. ‘मला डिप्रेशन आलंय’ असं एकदम म्हटलं की घरचे घाबरतात किंवा हसण्यावारी नेतात. मी असं सांगितलं: ‘आई, मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा धडधडतं. डॉक्टरांनी सगळं बघितलंय. आता महिनाभर संध्याकाळी सातला मला कोणी हाक मारायची नाही.’ सासूबाई म्हणाल्या, ‘मग कुकर कोण लावणार?’ कुकर मुलगा लावतो.

८. माणसाकडे जायची वेळ

जीएडी-७ चे गुण दहा किंवा जास्त, किंवा दोन आठवडे झोप-भूक-काम तिन्ही बिघडलेलं, किंवा वरचं सगळं करून महिनाभरात फरक नाही: जा. कोणाकडे, यात फार गोंधळ असतो.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यावर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर; इथे सांगितलेल्या तिघांपैकी औषध तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागायला लाजू नका. समुपदेशक ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो, चांगलेही आहेत आणि वीकेंडचा कोर्स केलेलेही आहेत. शिक्षण काय, किती बैठका लागतील, फी किती, हे तीन प्रश्न पहिल्या फोनवरच विचारा. ‘एका बैठकीत मुळापासून’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

*सिव्हिलमध्ये जायचं असेल तर.* त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सकाळी लवकर जा. खिडकीवर केस पेपर काढायचा, आधार आणि मोबाइल नंबर द्यायचा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. खिडकीवर ‘मानसिक’ म्हणायला जीभ अडखळत असेल तर ‘झोपेचा त्रास’ म्हणा, ते बरोबर पाठवतात. मग बाकावर वाट बघणं. माझ्या शेजारी सिन्नरकडचे एक काका होते, कापडी पिशवीत गुंडाळलेली फाइल मांडीवर धरून. त्यांनी मला रांगेचा सगळा हिशोब समजावून सांगितला, कुठे उभं राहायचं, औषधाची खिडकी कधी बंद होते. ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती असतेच. भेटलं तर तेही त्याच बाकावर बसलेलं असतं.

आत डॉक्टर झोप, भूक, काम, व्यसन, घरात कोणाला असा त्रास होता का, आणि जीव द्यावासा वाटतो का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाने दचकू नका, तो सगळ्यांना विचारतात. गर्दीत वेळ कमी मिळतो, म्हणून डायरीतल्या नोंदींचा एका पानाचा गोषवारा लिहून न्या. घरातलं एक माणूस सोबत असलं तर बरं, आपल्याला न दिसलेलं ते सांगतं.

ईएसआय असलेल्यांना सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आहे. तिथे आधी दवाखान्याची चिठ्ठी लागते का ते विचारून निघा. खासगीत जाणाऱ्यांसाठी विम्याची गोष्ट: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. साध्या भेटीची फी ओपीडी कव्हर असेल तरच मिळते. आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर याच कायद्याने बंधनकारक आहे. कंपनीच्या एचआरला ती आपोआप कळत नाही.

९. नेहमी लागणारे सापळे

मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची एक पट्टी’ घेणं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आहे आणि त्यांची सवय लागते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी तर नकोच.

ताण फार वाढलाय म्हणून तडकाफडकी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर. धम्मगिरीचं शिबिर चांगलं आहे, फी नाही, मोठं नाव आहे. पण दहा दिवस मौन आणि फोन जमा म्हणजे घबराट ऐन भरात असलेल्या माणसाला जड जाऊ शकतं. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा. बरं वाटायला लागल्यावर जाणं वेगळं.

पत्रिका, खडा, शांती. नाशिक-त्र्यंबकला याची काही कमी नाही. श्रद्धा असेल तर करा, मी आडवी येणार नाही. फक्त त्यासाठी कर्ज काढू नका आणि चालू गोळी बंद करू नका.

राजीनामा. सगळ्यात वाईट आठवड्यात दिलेला राजीनामा बहुतेक वेळा ताण कमी करत नाही, तो फक्त ‘काम’मधून उचलून हप्त्यावर ठेवतो. महिनाभर थांबून डायरी वाचून मग ठरवा.

१०. दुसऱ्या भेटीला

गोळी सुरू झाली असेल तर तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा तोंड कोरडं पडू शकतं. सहन होत नसेल तर फोन करून विचारा, मनाने सोडू नका. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली तर चक्कर आणि चिडचिड उलटून येते. बंद करायची तीही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, हळूहळू.

जाण्याआधी जीएडी-७ पुन्हा भरा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा. झोपेचे तास, सुटलेल्या गोळ्या, नवीन त्रास, एवढं एका पानावर. पुढची तारीख केस पेपरवर लिहून घ्या आणि जुना केस पेपर टाकू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.